काम समाधानकारक आहे



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्ही बंद होतं. आता डोळा छान आहे, भिंतीवरचं कॅलेंडरही खुर्चीतून वाचता येतं! तर पहिला लेख कशावर लिहावा याचा विचार करत होते, तेवढ्यात विषय आपणहून दारात आला. म्हणजे खरं तर आला नाही, म्हणूनच विषय झाला.

गेल्या महिन्यात आमच्या भागात सलग पाच दिवस घंटागाडी आली नाही. पहिल्या दिवशी सगळे गंमतीत होते. तिसऱ्या दिवशी बादल्यांना वास यायला लागला. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात मोठमोठ्याने म्हणाले, "माजलेत लेकाचे! पगार घेतात ना?" मी तिथेच उभी होते. मला माहीत होतं की घेत नाहीत. कारण आदल्याच दिवशी भाजी आणायला गेले तेव्हा घंटागाडीवरचा तो मुलगा चौकात भेटला होता. ठेकेदाराने दोन महिने पगार दिलेला नाही, असं त्याने सांगितलं. ठेकेदार म्हणतो की बिल निघालं नाही. पालिकेत विचारलं तर ते म्हणतात की तुम्ही आमचे कामगारच नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात कालवल्यासारखं झालं. हेच वाक्य मी वीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं, एका ऑफिसात, टेबलाच्या अलीकडे उभी राहून. ती गोष्ट मी आजवर घरात कुणाला नीटशी सांगितलेली नाही. आज सांगते. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका! त्यामुळे आधी थोडा इतिहास, मग माझी गोष्ट. कंटाळा आला तर मधला भाग गाळून वाचा, पण मग परीक्षेत आलं तर तक्रार करू नका.

सुरुवात लंडनपासून करावी लागेल. १८८८ साली तिथल्या काड्यापेटीच्या कारखान्यातल्या मुलींचा संप फार गाजला. त्यांच्या हलाखीवर लेख लिहून तो प्रश्न चव्हाट्यावर आणणाऱ्या बाई म्हणजे ॲनी बेझंट. हो, त्याच आपल्या बेझंटबाई! १९१६ साली टिळकांनी आणि त्यांनी आपापल्या होमरूल लीग काढल्या, १९१७ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. मी पंचवीस वर्षं मुलांना हे शिकवलं. पण त्याच्या आधीची बेझंटबाईंची एक कामगिरी ना पाठ्यपुस्तकात होती ना मला माहीत होती. संपाच्याच वर्षी त्या लंडन स्कूल बोर्डावर निवडून आल्या. या बोर्डाकडे लंडनमधल्या सार्वजनिक शाळा होत्या. शाळा बांधायच्या, बाकं करून घ्यायची, वह्या-पुस्तकं छापून घ्यायची, ही कामं बोर्ड ठेक्याने देई. आणि ठेका कुणाला, तर ज्याची किंमत सर्वांत कमी त्याला. किंमत कमी कशी होते? मजुरी कमी दिली की होते. म्हणजे गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी काढलेल्या शाळेचा खर्च त्याच मुलांच्या आईबापांच्या मजुरीतून कापला जात होता. तेव्हा शाळेचं काम हवं असेल तर त्या धंद्यात चालणारी रास्त मजुरी द्यावी लागेल, असा आग्रह बोर्डावर धरला गेला. तो धरणाऱ्यांत बेझंटबाई होत्या. १८८९ साली बोर्डाने ते धोरण स्वीकारलं.

एका शाळाखात्याने ही गोष्ट आधी केली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

मग १८९१ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्सने तसाच ठराव केला. सरकारी ठेका घेणाऱ्याने त्या त्या धंद्यातली चालू मजुरी द्यावी, आणि ठेका पुढे दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा पोटठेक्याने देऊन होणारे गैरप्रकार थांबावेत, असा त्याचा आशय होता. हा ठराव 'रास्त वेतनाचा ठराव' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामागचा विचार आपल्या घरातल्या कुणालाही समजेल असा आहे. पैसा जनतेचा आहे, काम जनतेचं आहे, तर त्या पैशातून मजुराची पिळवणूक विकत घेऊ नये. बस्स, एवढंच!

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी झगडत होते. आठवड्याची रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरण्यांत मिळाली ती १८९० च्या जूनमध्ये, त्यांच्या प्रयत्नांमुळे. पण रास्त मजुरीचा तो ठराव विलायतेतल्या कामगारांसाठी होता. इथे रस्ते, कालवे, रेल्वे बांधणाऱ्या माणसाला मुकादम भेटे, मुकादमाच्या वर ठेकेदार असे आणि ठेकेदाराच्या वर साहेब. साहेबाला मजुराचं नाव माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आपल्याकडे किमान वेतनाचा पाया घातला गेला तो १९४६ साली. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. १९४९ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर सरकारी ठेक्यांसाठी वेगळा करारच केला, क्रमांक ९४. तो रास्त वेतनाच्या ठरावाचाच वारसा. त्या करारावर भारताने आजपर्यंत मान्यतेची मोहर उठवलेली नाही. मात्र केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ठेक्यांत रास्त मजुरीचं कलम घातलेलं असतं. म्हणजे कागदावर आपण अगदीच कोरे नाही.

मग १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा आला. याच्या नावातच दोन गोष्टी होत्या, कंत्राटी मजुरीचं नियमन आणि निर्मूलन. १९७१ च्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. त्याची पार्श्वभूमीही आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. तेल शुद्धीकरणाच्या एका कारखान्यात साफसफाईचं काम ठेकेदाराकडून करून घेत. रोज लागणारं, कायम चालणारं काम ठेक्याने का द्यायचं, असा वाद उभा राहिला आणि १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालातल्या कसोट्या पुढे कायद्यात उतरल्या. काम बारमाही आहे का? धंद्याला आवश्यक आहे का? पूर्ण वेळाची माणसं लागतील एवढं आहे का? गंमत बघा, या सगळ्या इतिहासात केंद्रस्थानी पुन्हा पुन्हा झाडूच येतो. केंद्र सरकारने १९७६ च्या डिसेंबरात आपल्या अखत्यारीतल्या इमारतींच्या झाडलोटीसाठी, साफसफाईसाठी कंत्राटी कामगार लावायला मनाई करणारी अधिसूचना काढली होती. त्यावरूनच एअर इंडियाचा प्रसिद्ध खटला झाला. १९९६ साली न्यायालयाने म्हटलं की ठेका बंद झाला की कामगार आपोआप मूळ मालकाचे होतात. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात मोठ्या पीठाने ते फिरवलं. आपोआप होत नाहीत, पण ठेका नुसता दिखाऊ होता असं सिद्ध झालं तर होतात, असं ठरलं. आता दिखाऊ होता हे सिद्ध कुणी करायचं? ज्याच्या हातात झाडू आहे त्याने!

आता १९८२ सालात या. दिल्लीचं एशियाड आठवतं का? अप्पू हत्ती आठवतो? मी पुण्याला मावसबहिणीकडे जाऊन उद्घाटन पाहिलं होतं. पी. टी. उषाची दोन रौप्यपदकं पाहिली, आणि पाकिस्तानकडून हॉकीत १-७ अशी धूळधाणही पाहिली. शाळेत परत आल्यावर मुलांकडून एशियाडवर निबंध लिहून घेतला होता. 'भारताची मान उंचावली' असं बहुतेकांनी लिहिलं. मीही लाल शाईने 'छान' असा शेरा दिला.

ती स्टेडियम्स, ते उड्डाणपूल कुणी बांधले हा प्रश्न ना मुलांना पडला ना मला. पण तो पडलेली माणसं दिल्लीत होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या वतीने तीन अभ्यासकांनी त्या बांधकामांवर जाऊन पाहणी केली आणि संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना पत्र लिहिलं. पत्र, अर्ज नाही! न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. त्यात काय होतं? किमान मजुरी दिवसाला ९.२५ रुपये ठरलेली होती. उत्तर प्रदेश, राजस्थान, ओरिसातून जमादारांनी आणलेले मजूर होते. ठेकेदार पैसे जमादाराकडे देत आणि जमादार माणशी रुपया आपलं कमिशन म्हणून कापून उरलेले ८.२५ मजुराच्या हातावर ठेवत. बायकांना तर ७ रुपयेच मिळतात अशी तक्रार होती. चौदा वर्षांखालची मुलंही कामावर होती.

सरकारचं उत्तर काय असावं? मजूर ठेकेदारांचे आहेत, कायदा मोडला असेल तर ठेकेदारांनी मोडला. मुलांच्या बाबतीत तर असंही म्हणणं होतं की १९३८ च्या जुन्या कायद्याच्या यादीत बांधकाम हा धंदाच नाही.

१८ सप्टेंबर १९८२ ला निकाल लागला. खेळ सुरू व्हायला बरोबर दोन महिने होते. न्यायालयाने सांगितलं की काम ज्याचं आहे त्याला अशी पाठ फिरवता येणार नाही. ठेकेदार कायदा पाळतो की नाही हे पाहणं सरकारचं, दिल्ली विकास प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. आणि त्याहून मोठी गोष्ट सांगितली. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात जो राबतो तो आपखुशीने राबत नाही, भुकेने त्याला राबायला लावलेलं असतं, म्हणून तीही वेठबिगारीच. मुलांबद्दल न्यायालयाने म्हटलं की यादीत असो वा नसो, बांधकाम धोक्याचं आहे आणि घटनेचं २४ वं कलम पुरेसं आहे. कामगार कायदे मोडणाऱ्यांना किरकोळ दंड करून सोडून देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनाही कानपिचक्या दिल्या.

मी हा निकाल निवृत्तीनंतर वाचला. वाचता वाचता माझा तो लाल शाईतला 'छान' आठवला.

आणि एक विरोधाभास पाहा. इकडे आपल्या न्यायालयाने १९८२ साली हे म्हटलं, आणि जिथून ही कल्पना निघाली त्या ब्रिटनने थॅचरबाईंच्या काळात, १९८३ साली, रास्त वेतनाचा तो जुना ठराव रद्द करून टाकला. तिथेही 'स्वस्तात होतंय ना, मग झालं' हे वारं वाहायला लागलं होतं. ते वारं आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही.

आता माझी गोष्ट.

मी २००२ साली आमच्या पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही मनातच ठेवावं.) आधीच्या काळात शाळेला दोन शिपाई आणि एक सफाईवाली बाई अशी पालिकेची माणसं होती. ती एकेक करून निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत, आणि शाळांची साफसफाई ठेक्याने गेली. ठेकेदाराची एक बाई आमच्याकडे यायची. मुलं तिला मावशी म्हणायची म्हणून मीही मावशीच म्हणे. वयाने माझ्यापेक्षा लहान होती खरं तर. सकाळी सातच्या आत सगळे वर्ग झाडून, पाणी भरून, मुतारीत फिनेल टाकून तयार. पावसाळ्यात व्हरांड्यात चिखल झाला की दिवसातून तीनदा पुसायची.

दर महिन्याच्या अखेरीला ठेकेदाराचा पोऱ्या एक छापील कागद घेऊन यायचा. 'सदर ठेकेदाराने माहे अमुक मध्ये केलेले साफसफाईचे काम समाधानकारक आहे.' खाली माझी सही आणि शाळेचा शिक्का. तो कागद जोडल्याशिवाय त्याचं बिल पास होत नसे. मी सही करायची. काम समाधानकारक होतंच की! त्यात खोटं काही नव्हतं. तीनेक वर्षांत असे पस्तीस-चाळीस कागद तरी मी सही करून दिले असतील.

एका दिवाळीच्या आधी, सहामाही परीक्षेच्या गडबडीत, मावशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "बाई, तुमची सही झाली की आमचा पगार होतो ना? मग या टायमाला सही करायची ऱ्हायली का?"

मी चमकले. सही तर मी दर महिन्याला करत होते. चौकशी केली तेव्हा कळलं की तिला चार महिने पगार नव्हता. त्याच्याआधी जो मिळत होता तो ठरलेल्या मजुरीपेक्षा बराच कमी होता, आणि त्यातूनही पीएफ म्हणून काही कापलं जायचं. पीएफचा नंबर? तो तिला कुणी दिला नव्हता. ती अंगठा उठवायची आणि मिळेल ते पदरात बांधायची. आणि माझ्या मनाला लागलं ते हे, की चार महिने तिला वाटत होतं की मी सही करत नाही! रोज सकाळी माझ्या खोलीची खिडकी पुसताना ती हे मनात धरून होती, आणि तरी खिडकी लख्ख असायची.

मी त्याच दिवशी पालिकेत गेले. संबंधित टेबलावरच्या गृहस्थांनी चहा मागवला, बसा म्हणाले नाहीत. "बाई, ती माणसं आपली नाहीत. ठेकेदाराची आहेत. आपला संबंध कामाशी. काम होतंय ना समाधानकारक? तुम्हीच लिहून देता की!"

माझीच सही मला दाखवली हो त्यांनी.

मला राग आला. आणि रागाच्या भरात मला जे सुचलं ते मी केलं. पुढच्या महिन्याचा कागद आला तेव्हा सही केली नाही. पोऱ्याला सांगितलं, आधी मावशीचा पगार, मग सही. मला वाटलं मी फार मोठं काम केलं. घरी येऊन यांनाही अभिमानाने सांगितलं.

आठ दिवसांनी मावशी आली नाही. तिच्या जागी दुसरी बाई आली. तिला विचारलं तर ती म्हणाली, "ती तक्रार करत होती म्हणून काढली." माझ्या सहीवाचून बिल फार काळ अडलंही नाही, कुठून तरी ते निघालंच. मावशीचे चार महिन्यांचे पैसे मात्र निघाले नाहीत. पुढे ती बाजारात एकदा दिसली, मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती. मी दोन जुड्या घेतल्या. तिने पैसे घेतले, सुटे परत दिले, आणि "बऱ्या हायसा न्हवं बाई?" एवढंच विचारलं. मी तिला काहीच बोलू शकले नाही.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला तेव्हा वकिली करणाऱ्या माझ्या भाच्याकडून मी तो १९७० चा कायदा मागून घेतला. भाषा किचकट, पण सावकाश वाचला. आणि एकविसाव्या कलमावर थांबले. त्यात लिहिलं होतं की ठेकेदार मजुरांना पगार वाटतो तेव्हा मूळ मालकाचा नेमलेला प्रतिनिधी तिथे हजर पाहिजे, आणि अमुक रक्कम माझ्या समोर दिली असा दाखला त्याने सही करून द्यायला पाहिजे. ठेकेदाराने पगार दिला नाही, कमी दिला, तर मूळ मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा.

म्हणजे कायद्याला सही हवीच होती, पण ती वेगळी. 'पगार माझ्या समोर दिला' ही सही कायद्याने मागितली होती. आम्ही 'काम समाधानकारक आहे' ही सही देत होतो. पहिली सही आमच्या पालिकेत कुणी करत होतं का, हे मी नोकरीत असताना विचारलंच नाही. कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या ठेक्याला लागू होता. आमच्या ठेक्यात किती जण होते, तेही मी कधी विचारलं नाही. किमान वेतनाला तर अशी काही अटही नव्हती. इतिहासाच्या बाईंनी सनावळ्या पाठ केल्या आणि टेबलावरचा कागद वाचला नाही.

हे असं का होतं, याचं गणित पाचवीतल्या मुलालाही येईल. समजा दहा माणसांचं काम आहे, किमान मजुरी रोजची ५०० आणि महिन्याचे २६ दिवस. नुसती मजुरीच झाली १ लाख ३० हजार. झाडू, फिनेल, पीएफ, ठेकेदाराचा नफा हे सगळं त्याच्या वर. आता कुणी १ लाख १० हजारांची निविदा भरली आणि 'सर्वांत कमी दर' म्हणून ती मंजूर झाली, तर ते वरचे २० हजार कुठून यायचे? साफसफाईत यंत्रं नाहीत, माल नाही, वाचवण्यासारखं दुसरं काही नाही. ते माणसातूनच यायचे. ज्याने निविदा मंजूर केली त्याला हे त्याच दिवशी कळायला हवं. त्यात पालिकेचं बिल चार महिने रखडलं की ठेकेदार ती ओढाताण सरळ खाली ढकलतो. सगळ्यांत खाली जो असतो, त्याला ढकलायला आणखी खाली कुणी नसतं.

मुंबईतल्या सफाई कामगारांनी मात्र हे सगळं न्यायालयात नेऊन दाखवलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ ही त्यांची संघटना. महापालिकेने ठेके छोटे छोटे पाडले म्हणजे वीस माणसांची अट लागू होत नाही, ठेक्याची मुदतही थोडक्या महिन्यांची ठेवली, माणसांना 'स्वयंसेवक' म्हटलं आणि पगाराला 'मानधन', अशी संघटनेची तक्रार होती. शब्द किती चांगले आहेत नाही? शाळेत आपण मुलांना स्वयंसेवक होण्याची शिकवण देतो! औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली हे ठेके दिखाऊ ठरवले, उच्च न्यायालयाने २०१६ च्या डिसेंबरात ते उचलून धरलं, आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केलं. केवढा आनंद झाला असेल! पण पुढे त्यातल्या कितीतरी जणांची नेमणूक नावातल्या फरकामुळे अडकून पडली. एका कागदावर एक नाव, दुसऱ्यावर त्याचं स्पेलिंग वेगळं. ज्यांनी कधी आपलं नाव स्वतः लिहिलं नाही, दुसऱ्यांनी जसं लिहिलं तसं ते राहिलं, त्यांना त्या चुकीचा जाब द्यावा लागला. मी आयुष्यभर हजेरीपटावर नावं लिहिली आहेत. घाईत आडनावाची वेलांटी चुकली तर काय होऊ शकतं, हे हे वाचल्यावर कळलं.

आता १९७० चा तो कायदाही राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत तो विरून गेला. वीसची अट पन्नास झाली. (आपल्या राज्याने ती आधीच पन्नास केली होती.) संस्थेच्या मुख्य कामाला कंत्राटी माणसं लावायची नाहीत असं नव्या संहितेत आहे, पण झाडलोट-साफसफाई हे सहसा मुख्य काम धरायचं नाही, ती संस्था त्यासाठीच स्थापन झालेली असेल तर गोष्ट वेगळी, असंही आहे. शहर स्वच्छ ठेवणं हे पालिकेचं मुख्य काम आहे की नाही, यावर आता वकील मंडळी भांडतीलच. पगार बँकेतून द्यायचा आणि तसं मूळ मालकाला कळवायचं, ठेकेदाराने बुडवला तर मूळ मालकाने द्यायचा, ठेकेदाराच्या अनामत रकमेतूनही तो देता येईल, हे मात्र आहे. चांगलं आहे. पण बँकेचं कार्ड मुकादमाच्या खिशात असेल तर बँक काय करणार? कुणीतरी मजुराला समोर बसवून 'मिळाले का गं पैसे?' असं विचारावंच लागेल. १८९१ पासून आजपर्यंत सगळ्या कायद्यांनी आपल्या किचकट भाषेत हाच प्रश्न विचारायला सांगितलं आहे.

घंटागाडी सहाव्या दिवशी आली. एका महिन्याचा पगार झाला, दुसरा बाकी आहे. मी त्या मुलाला नाव विचारलं, नीट स्पेलिंगसकट लिहून घेतलं. आमच्या इमारतीतल्या अकरा घरांच्या सह्या घेऊन पालिकेला माहितीच्या अधिकारात एक अर्ज दिला आहे. ठेक्याचा करार, गेल्या सहा महिन्यांची बिलं, आणि पगार दिल्याचा पुरावा, एवढंच मागितलंय. अर्जात त्या मुलाचं नाव कुठेही घातलेलं नाही. मावशीच्या वेळी केलेली चूक पुन्हा करायची नव्हती. एकटीने रागाच्या भरात काही करायचं नाही, आणि ज्याचं पोट त्यावर आहे त्याला पुढे करायचं नाही, एवढं वीस वर्षांनी शिकले.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी सही करताना विचारलं, "याने काय होणार?" म्हटलं, माहीत नाही. पण निदान आपण कशावर सही करतोय ते वाचून तरी करू.

त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि मग केली.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी बरेच जण सरकारी नोकरीतून, बँकेतून, शाळेतून निवृत्त झालेले आहात. तुमच्याही टेबलावर असे कागद आले असतील. आठवून बघा, आणि वाटलं तर लिहा. माझ्या मनावरचं ओझं लिहून थोडं हलकं झालं. मावशीचं मात्र देणं तसंच आहे.

कळावे, लोभ आहेच.